कॉडल ब्लॉकवरचा थिसिस: ‘किती तास टिकला’ हे नक्की कशावरून ठरते?

प्रश्न असा आहे. एम.डी. ॲनेस्थेशियाच्या पहिल्या वर्षाच्या एका निवासी डॉक्टरांना थिसिसचा सिनॉप्सिस (नियोजित अभ्यासाचा आराखडा) द्यायचा आहे. विषय जवळजवळ ठरलाय: एक ते सात वर्षांच्या मुलांत इंग्वायनल (जांघेतल्या) हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी कॉडल ब्लॉक, म्हणजे कण्याच्या खालच्या टोकाशी औषध सोडून शरीराचा खालचा भाग बधिर करणे; एका गटाला नुसते बुपिव्हॅकेन हे बधिर करणारे औषध, दुसऱ्या गटाला त्यात डेक्समेडेटोमिडिन हे गुंगी आणणारे, वेदना कमी करणारे औषध. पेपर वाचायला घेतले तर कुठे १४ तास, कुठे १८ तास वेदनामुक्ती, आणि प्रत्यक्ष वॉर्डात मात्र मुले संध्याकाळपर्यंत रडू लागतात. तर डोस एक मायक्रोग्रॅम घ्यावा की दोन, तीस-तीसचे गट पुरतील का, आणि ब्लॉक नीट बसला हे कसे ठरवावे, असे तीन प्रश्न विचारलेत.

तिन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या मुळाशी एकच अडचण आहे. पेपरमधले ‘१८ तास’ म्हणजे औषध १८ तास मज्जातंतूंवर काम करत होते असे नव्हे. ते तास औषध, वेदना मोजायची पट्टी, मोजायच्या वेळा, रेस्क्यूचा (दुखू लागल्यावर द्यायच्या जादा वेदनाशामकाचा) नियम आणि मोजणारी व्यक्ती या सगळ्यांनी मिळून तयार होतात. हे आधी सोडवले नाही तर डोस कोणताही घेतलात तरी हाती येणारा आकडा आधीच्या पेपरांसारखाच निघेल आणि त्याचा अर्थ कुणालाच लावता येणार नाही.

आधी आकडे बघू. २००९ साली एल-हेन्नावी आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात ०.२५ टक्के बुपिव्हॅकेन एकटे दिल्यावर वेदनामुक्तीचा मध्यक (ओळीतला मधला आकडा) ५ तास, २ मायक्रोग्रॅम प्रति किलो क्लोनिडिन या डेक्समेडेटोमिडिनच्याच जातीच्या औषधासोबत १२ तास आणि तेवढ्याच डेक्समेडेटोमिडिनसोबत १६ तास आला. त्याच वर्षीच्या सादावी यांच्या अभ्यासात १ मायक्रोग्रॅम प्रति किलोला साडेअठरा तास, नुसत्या बुपिव्हॅकेनला सव्वासहाच्या आसपास. २०११ मध्ये भारतातून आनंद यांनी ०.२५ टक्के रोपिव्हॅकेनमध्ये (बुपिव्हॅकेनसारखेच बधिर करणारे औषध) २ मायक्रोग्रॅम घालून साडेचौदा तास दाखवले, नुसत्या रोपिव्हॅकेनचे साडेपाच. म्हणजे अर्ध्या डोसला जास्त तास आणि दुप्पट डोसला कमी! एवढ्यावरूनच ध्यानात यावे की हा फरक डोसचा नाही, मोजमापाचा आहे. नुसत्या ब्लॉकचे आकडे मात्र सगळीकडे ५-६ तासांच्या घरात आहेत, आणि तुमच्या वॉर्डातही तेच दिसतेय. तुमचे निरीक्षण चुकलेले नाही.

डेक्समेडेटोमिडिनचा शरीरातून बाहेर पडण्याचा अर्धायुष्यकाळ साधारण दोन तासांचा. एकदाच दिलेल्या डोसने अठरा तास केवळ कण्यातल्या आल्फा-दोन रिसेप्टरवर (हे औषध जिथे चिकटते त्या जागांवर) काम करत राहावे हे पटण्यासारखे नाही. मग उरलेले तास येतात कुठून?

बरेचसे वेळापत्रकातून येतात. समजा शस्त्रक्रिया सकाळी नऊला झाली आणि वेदना तपासायच्या वेळा ४, ६, ८, १२, १८ आणि २४ तास अशा ठरवल्या. मुलाचा ब्लॉक साडेआठ तासांनी, म्हणजे संध्याकाळी साडेपाचला उतरला. नोंद होणार १२ तासांची, रात्री नऊला. नऊला मूल झोपलेले असेल तर स्कोअर शून्य, आणि पुढची तपासणी १८ तासांनी, पहाटे तीनला. त्या वेळी ते उठून रडले तर मास्टर चार्टवर (सगळ्या नोंदींच्या तक्त्यावर) लागणार ‘१८ तास’. ब्लॉकचे साडेआठ तास कागदावर येईपर्यंत दुपटीहून अधिक झाले, आणि यात कुणी लबाडी केलेली नाही. उपशामक औषधाने मूल थोडे जास्त झोपाळू असेल तर हे त्या गटात अधिक वेळा घडेल, म्हणजे चूक दोन्ही गटांत सारखी वाटली जाणार नाही.

दुसरी गोष्ट वेदनेच्या पट्टीची. बहुतेक जण फ्लॅक स्केल वापरतात. १९९७ साली आलेली ही पट्टी पाच गोष्टी बघते: चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत पटणे. प्रत्येकी ० ते २, एकूण १०. आता यातला ‘पाय’ बघा. पाय शांत असले तर ०, अस्वस्थ किंवा ताठ असले तर १, लाथा झाडत असेल किंवा पाय पोटाशी घेतले असतील तर २. कॉडलने पाय जड पडलेले मूल लाथा झाडणार कसे? तिथे शून्य मिळते ते मोटर ब्लॉकमुळे, म्हणजे स्नायूच लुळे पडल्यामुळे. ‘हालचाल’ आणि ‘रडणे’ यांचेही तसेच: गुंगीतले मूल हालत नाही, रडत नाही. म्हणजे पाचपैकी तीन घटक सेडेशन (गुंगी) आणि मोटर ब्लॉकने खाली येतात. उलट बाजूही आहे. तीन वर्षांचे पोर जागे झाल्यावर पाय उचलत नाहीत म्हणून घाबरून रडते. त्याला दुखत काहीच नसते, पण स्कोअर ५ येतो आणि रेस्क्यू दिला जातो. सेवोफ्लुरेन या भुलीच्या वायूनंतरचा इमर्जन्स डिलिरियमही (जागे होतानाची गोंधळलेली तडफड) पहिल्या अर्ध्या तासात हाच घोळ घालतो.

म्हणून फ्लॅकसोबत सेडेशन स्कोअर आणि मोटर स्कोअर त्याच वेळी लिहा, एकाच ओळीत, शेजारच्या रकान्यांत. मोटरसाठी साधी पट्टी पुरते: पाय अजिबात हलत नाही, हलतो पण उचलता येत नाही, उचलतो. पहिल्या तीस मिनिटांचे फ्लॅक स्कोअर मुख्य विश्लेषणात घेऊ नका. तिथे इमर्जन्स डिलिरियम मोजणारी पेड स्केल लावा. चार वर्षांवरील मुलांना जमेल तिथे चेहऱ्यांची पट्टी दाखवून त्यांचे त्यांनाच विचारा. बघणाऱ्याने दिलेल्या गुणापेक्षा मुलाचे स्वतःचे बोट जास्त विश्वासाचे.

तिसरी गोष्ट रेस्क्यूची. फ्लॅक ४ किंवा जास्त आला की पॅरासिटामॉल १५ मिग्रॅ प्रति किलो, असा नियम सर्रास लिहिलेला असतो. पण दोन्ही गटांतली मुले तोवर कशावरही नसतात. आज कुठल्याही चांगल्या युनिटमध्ये हर्नियाच्या मुलाला वेदना सुरू होईपर्यंत उपाशी ठेवल्यासारखे ठेवत नाहीत. पॅरासिटामॉल ठरल्या वेळी, दर सहा तासांनी दिले जाते, शस्त्रक्रियेच्या टेबलावरच पहिला डोस जातो. तुमच्या अभ्यासातही दोन्ही गटांना हेच मिळाले पाहिजे. त्यानंतरही काही फरक उरतो का, हा खरा प्रश्न. तास कमी दिसतील, फरक आटेल, कदाचित नाहीसा होईल, पण जे उरेल ते उद्याच्या रुग्णाच्या कामाचे असेल. एथिक्स कमिटीलाही हीच रचना पटते, कारण माहीत असलेला साधा उपाय मुद्दाम रोखून ठेवायचा नसतो.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा: तुलनेचा गट. ‘बुपिव्हॅकेन’ विरुद्ध ‘बुपिव्हॅकेन अधिक डेक्समेडेटोमिडिन’ हा सामना पुन्हा खेळायची गरज उरलेली नाही. अधिक औषध दिलेल्या गटात अधिक परिणाम दिसणारच. विचारायचे ते हे की तेच औषध त्याच डोसमध्ये शिरेतून दिले असते तर काय झाले असते? डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. २०१० मध्ये हाँग यांनी ऑर्किडोपेक्सीच्या (न उतरलेला वृषण खाली आणायच्या शस्त्रक्रियेच्या) मुलांना रोपिव्हॅकेनचा कॉडल दिला आणि डेक्सामेथासोन ०.५ मिग्रॅ प्रति किलो शिरेतून. पहिल्या वेदनाशामकापर्यंतचा वेळ ४३० मिनिटांवरून ६४६ मिनिटांवर गेला, कॉडलच्या जागेत ते औषध न टाकता. शिरेतून काम होत असेल तर एपिड्युरल जागेत (मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत) एक जास्तीचे औषध कशाला सोडायचे? तेव्हा तीन गट करता आले तर उत्तम: नुसता कॉडल, कॉडलमध्ये डेक्समेडेटोमिडिन आणि शिरेतून सलाइन, नुसता कॉडल आणि शिरेतून डेक्समेडेटोमिडिन, दहा मिनिटांत हळूहळू. तीन गट जमत नसतील तर पहिला सोडा आणि उरलेले दोन ठेवा. अशा तुलना झाल्या आहेत, पण मोजक्याच. तुमचा अभ्यास तिथे भर घालेल.

डोसबद्दल माझे मत स्पष्ट आहे: १ मायक्रोग्रॅम प्रति किलो. २ मायक्रोग्रॅमने नाडी मंदावणे आणि गुंगी वाढते, आणि हर्नियाचे मूल आपल्याला संध्याकाळी आईच्या मांडीवर दूध पिताना बघायचे असते. हे औषध भारतात शिरेतून सेडेशनसाठी मंजूर आहे. कॉडलमध्ये वापरणे परवान्याबाहेरचे, आणि संमतीपत्रात तसे साध्या मराठीत लिहायला हवे. वयाची अट तुम्ही एक वर्षापासून ठेवलीत ते योग्य. नवजात आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांत याच जातीच्या क्लोनिडिननंतर श्वास थांबल्याच्या नोंदी आहेत. तुमचे गाईड (मार्गदर्शक) कॉडलमध्ये केटामिन सुचवतील तर नम्रपणे नाही म्हणा. प्राण्यांच्या पिल्लांत मणक्यात दिलेल्या केटामिनने चेतापेशी मरताना दिसल्या आहेत, आणि आपल्याकडची सर्रास मिळणारी व्हायल प्रिझर्व्हेटिव्हसह येते. मॉर्फिन ३० ते ५० मायक्रोग्रॅम प्रति किलो दीर्घकाळ चालते हे खरे, पण त्यानंतर रात्रभर श्वासावर लक्ष ठेवावे लागते; हर्नियासाठी एवढा खटाटोप नको. क्लोनिडिनबाबत २०११ च्या मेटा-अनालिसिसमध्ये (अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात) सरासरी पावणेचार तासांची वाढ निघाली होती. खऱ्याच्या जवळ जाणारा आकडा कसा असतो याचा अंदाज त्यावरून बांधा.

औषध भरताना होणारी चूक इथेच सांगतो, कारण तिच्यामुळे डोस अडीचपट होऊ शकतो. अँप्यूल १ मिलीत १०० मायक्रोग्रॅमची. दहा किलोच्या मुलाला हवे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.१ मिली. ते काढायला कुणी इन्सुलिन सिरिंज घेते. आपल्याकडे ४० युनिटच्या आणि १०० युनिटच्या दोन्ही सिरिंजा मिळतात, ०.१ मिली म्हणजे पहिलीवर ४ युनिट आणि दुसरीवर १० युनिट. सवयीने ‘दहा युनिट’ म्हणत ४० ची सिरिंज भरली तर अडीचपट डोस गेला. त्यापेक्षा १ मिली औषधात ९ मिली सलाइन घालून १० मिली करा, एका मिलीत १० मायक्रोग्रॅम होतात, आणि मग डोस सरळ ०.१ मिली प्रति किलो. सिरिंजवर लेबल भरण्याआधी लावा. दुसऱ्या गटालाही ०.१ मिली प्रति किलो सलाइन घाला, नाहीतर दोन गटांत आकारमानही वेगळे आणि तीव्रताही वेगळी होईल.

बुपिव्हॅकेनचा हिशेब: दहा किलोच्या मुलाला ०.५ टक्के प्लेन ५ मिली आणि सलाइन ५ मिली, झाले ०.२५ टक्के १० मिली, म्हणजे २५ मिग्रॅ, २.५ मिग्रॅ प्रति किलो. ही कमाल मर्यादा आहे, तिच्यापुढे एक थेंब नाही. वरून १ मिली डेक्समेडेटोमिडिन किंवा सलाइन पडले की द्रावण ११ मिली, तीव्रता ०.२३ च्या जवळ. मिग्रॅ तेवढेच राहतात. आर्मिटेज यांनी १९७९ साली दिलेले कॉडलच्या आकारमानाचे ०.५, १ आणि १.२५ मिली प्रति किलो हे तीन आकडे सगळ्यांना पाठ असतात, पण ०.२५ टक्क्याचे १.२५ मिली म्हणजे ३.१ मिग्रॅ प्रति किलो होतात हे पाठांतरात निसटते. जास्त आकारमान हवे असेल तर तीव्रता कमी करा. अमेरिकेतल्या बालरुग्णांच्या रिजनल (शरीराचा ठरावीक भाग बधिर करण्याच्या) भुलीच्या नेटवर्कने २०१५ मध्ये १८,६५० कॉडलची माहिती छापली, गुंतागुंत १.९ टक्के, त्यातही जास्त करून ब्लॉक न बसणे आणि सुईतून रक्त येणे, कायमची इजा एकही नाही. पण त्याच माहितीत सुमारे चतुर्थांश मुलांना धोक्याच्या बाजूला झुकणारा डोस गेलेला होता. तुमच्याकडे रोपिव्हॅकेन ०.२ टक्के नियमित मिळत असेल तर तेच घ्या, १ मिली प्रति किलो, म्हणजे २ मिग्रॅ प्रति किलो. पाय लवकर मोकळे होतात. मिळते की नाही हे तुमच्या कॉलेजच्या खरेदीवर अवलंबून. दोन वर्षे एकच औषध मिळत राहील याची खात्री नसेल तर ते निवडू नका. आणि ‘हेवी’ बुपिव्हॅकेनची (पाठीतल्या भुलीसाठीच्या जड द्रावणाची) ४ मिलीची अँप्यूल कॉडलच्या ट्रेवर येताच कामा नये.

आता तिसरा प्रश्न, ब्लॉक बसल्याची खात्री. मूल डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. दोन्ही बाजूंच्या पोस्टिरिअर सुपिरिअर इलियाक स्पाइन (कमरेच्या हाडाची मागची टोके) चाचपा. त्या दोन बिंदूंवर समभुज त्रिकोण काढला तर खालचा कोपरा सेक्रल हायटसवर, म्हणजे सेक्रमच्या (कण्याच्या खालच्या त्रिकोणी हाडाच्या) टोकाशी असलेल्या फटीवर येतो. बोटाला दोन कॉर्नुआंची (फटीच्या दोन बाजूंच्या हाडाच्या उंचवट्यांची) टोके आणि मधला खळगा लागला पाहिजे. नितंबांच्या मधल्या घडीवर विसंबू नका, ती कुठेही सरकते. त्वचेवर खळगी, केसांचा झुपका किंवा लाल डाग दिसला तर सुई बाजूला ठेवा आणि अल्ट्रासाउंडने कणा बघा.

क्लोरहेक्सिडिन पूर्ण सुकू द्या. २२ गेजची आखूड बेव्हलची सुई किंवा २२ गेजचा कॅन्युला, साधारण ४५ अंशांत. फटीवरचे सॅक्रोकॉक्सिजियल लिगामेंट भेदल्याचा ‘टक्’ हाताला कळतो. तिथून सुई थोडी आडवी करून दोन-तीन मिलिमीटर, जास्त नाही. लहान बाळांत ड्युराची (मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाची) पिशवी तिसऱ्या-चौथ्या सेक्रल मणक्यापर्यंत खाली असते, आणि आत सरकवण्याच्या उत्साहातूनच ड्युरा फुटतो. कॅन्युला असेल तर तो विनासायास घसरला पाहिजे. अडखळला तर तुम्ही बाहेर आहात. सुई क्षणभर उघडी ठेवा, रक्त किंवा पाणी (मज्जाद्रव) आपोआप येते का बघा, मग हलकेच ओढा. लहान मुलांच्या शिरा जोरात ओढल्यावर मिटतात, त्यामुळे रक्त न येणे हा पुरावा नव्हे.

टेस्ट डोस ॲड्रिनलिनचा, ०.५ मायक्रोग्रॅम प्रति किलो. म्हणजे दोन लाखांत एक या द्रावणाचे ०.१ मिली प्रति किलो. पुढचा मिनिटभर मॉनिटरकडे बघा. नाडी १० ने वाढली, सिस्टोलिक १५ ने चढले किंवा टी वेव्ह चतुर्थांशाने उंचावली तर सुई शिरेत किंवा हाडात आहे. सेक्रमचे हाड या वयात मऊ असते, सुई त्यात सहज शिरते, आणि तिथे सोडलेले औषध शिरेत सोडल्यासारखेच. राहिलेला डोस तुकड्यातुकड्याने, दीड-दोन मिनिटांत. देताना डाव्या हाताची दोन बोटे सेक्रमवर ठेवा. त्वचेखाली फुगवटा आला तर थांबा. बुपिव्हॅकेनची विषबाधा झालीच तर उपाय म्हणून ओटीत (शस्त्रक्रियागृहात) २० टक्के लिपिड इमल्शन हाताशी असू द्या, पहिला बोलस १.५ मिली प्रति किलो, आणि ते कुठल्या कपाटात आहे हे त्या दिवशीच्या सिस्टरांना माहीत असू द्या. अल्ट्रासाउंड असेल तर वापरा: आडव्या प्रोबवर दोन कॉर्नुआ बेडकाच्या डोळ्यांसारख्या दिसतात, औषध सोडताना ड्युरा पुढे ढकलला जाताना दिसतो. तो पुरावा थिसिसमध्ये फार मोलाचा. मशीन रोज मिळणार नसेल तर मात्र अर्ध्या मुलांत वापरून अर्ध्यांत सोडू नका.

चिरेच्या वेळी ब्लॉक बसला का हे ठरवायला नियम आधीच लिहा: औषधानंतर १५ मिनिटांनी चीर, आणि आधीच्या नाडीत किंवा रक्तदाबात १५-२० टक्क्यांपेक्षा जास्त वाढ झाली तर फेंटॅनिल १ मायक्रोग्रॅम प्रति किलो. गुदद्वाराचा स्फिंक्टर सैल पडला तर ब्लॉक बसल्याचे ते चांगले लक्षण. कॉर्ड (वृषणाकडे जाणारी दोरी) ओढताना नाडी बदलली पण चिरेला काहीच झाले नाही, तर ब्लॉक बसलाय पण वर पोहोचला नाही. त्या ओढीच्या संवेदना दहाव्या थोरॅसिक (छातीच्या) मज्जातंतूपर्यंत जातात. हे दोन प्रकार वेगळे नोंदवा. आणि न बसलेले ब्लॉक अभ्यासातून वगळू नका. ‘अयशस्वी ब्लॉक वगळले’ या एका वाक्याने कितीतरी थिसिसचे आकडे गोड झाले आहेत. ज्या गटात चिठ्ठी निघाली, त्या गटात ते मूल शेवटपर्यंत राहते.

तीस-तीसच्या गटांबद्दल. आधीच्या पेपरमधला ९ तासांचा फरक आणि ३ तासांचे प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरतात ते) गटाचा आकार काढायच्या सूत्रात घातले तर प्रत्येक गटात दोन मुले पुरतील असे उत्तर येते! मग ‘सोयीसाठी ३०’ असे लिहून वेळ मारून नेली जाते. तुम्ही उलट जा. कोणता फरक आईवडिलांच्या लक्षात येईल हे ठरवा. समजा २ तास. विचलन ३ तास, पॉवर (फरक खरा असल्यास तो सापडण्याची शक्यता) ८० टक्के, अल्फा (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) ५ टक्के, या दोन्हींचा मिळून गुणक ७.८४: २ × ७.८४ × ९ ÷ ४, उत्तर ३५.३, म्हणजे ३६. दहा टक्के गळती धरून गटाला ४०. तुमच्या युनिटमध्ये आठवड्याला अशी किती मुले येतात ते ओटीच्या रजिस्टरमधून मोजा. दीड वर्षात ८० किंवा १२० होतील का याचे उत्तर तिथेच आहे. होत नसतील तर ऑर्किडोपेक्सी सामील करा आणि चिठ्ठ्या शस्त्रक्रियेनुसार वेगळ्या काढा. हायपोस्पेडिआस (मूत्रमार्गाचे तोंड शिश्नाच्या खालच्या बाजूला असणे) मात्र यात मिसळू नका. वेदना वेगळी, कॅथेटर असतो, शिवाय कॉडलनंतर फिस्च्युला (दुरुस्तीच्या जागी लघवी गळणारी छिद्रे) जास्त होतात का हा वाद पुदुच्चेरीच्या जिपमरमधल्या २०१२ च्या अभ्यासापासून चालू आहे. गुंतागुंतीच्या, वरच्या हायपोस्पेडिआसला कॉडल जास्त दिला जातो आणि फिस्च्युलाही त्यांनाच जास्त होतात, त्यामुळे जुन्या नोंदींवरून निष्कर्ष काढणे अवघड.

विश्लेषणात सरासरी तास काढून टी-टेस्ट लावू नका. २४ तासांत ज्या मुलाला रेस्क्यू लागलाच नाही, त्याच्या नावापुढे ‘२४’ लिहून सरासरीत मिसळणे चूक आहे. ते मूल सेन्सॉर्ड आहे, म्हणजे त्याची वेळ २४ तासांहून जास्त एवढेच कळलेय, नेमकी किती ते नाही. अशा अर्धवट कळलेल्या वेळांसाठीचा कॅपलान-मायर आलेख काढा, लॉग-रँक चाचणी लावा, मध्यक द्या. तपासणीच्या वेळा पहिल्या बारा तासांत दर तासाला ठेवा, आणि आईला सांगा की मधे केव्हाही दुखतेय वाटले तर सिस्टरांना हाक मारा. त्या हाकेची घड्याळातली वेळ लिहा. झोपलेल्या मुलाला उठवून स्कोअर घ्यायचा नाही, पण ‘झोपेत’ असा वेगळा शेरा लिहायचा, शून्य नाही.

आतापर्यंतचे एकत्र सांगायचे तर मुख्य मोजमाप म्हणून मी हे घेईन: ठरल्या वेळी पॅरासिटामॉल चालू असताना पहिल्या २४ तासांत किती मुलांना आणखी रेस्क्यू लागला. सोबत मोटर ब्लॉक उतरायची वेळ, लघवी व्हायची वेळ, पहिल्यांदा तोंडाने घेतल्याची वेळ आणि नाडी मंदावण्याच्या घटना. मूल त्याच दिवशी घरी जात असेल तर रात्री नऊला आणि दुसऱ्या सकाळी फोन. त्यासाठी आईवडिलांना प्रश्नांचा एक छापील मराठी कागद डिस्चार्जच्या वेळी हातात द्या, ‘दुखतंय का’ एवढेच न विचारता खेळते का, नेहमीइतके खाते का, पोटाला हात लावू देते का असे विचारा.

ब्लाइंडिंगचे (कोणते मूल कोणत्या गटात हे लपवण्याचे) एकच सांगतो. सिरिंज भरणारा, ब्लॉक देणारा आणि वॉर्डात स्कोअर घेणारा या तीन वेगळ्या व्यक्ती हव्यात, आणि वॉर्डातल्या व्यक्तीला ओटीतला चार्ट दिसता कामा नये, कारण मंदावलेली नाडी गट उघड करते. पाकिटे अपारदर्शक, क्रमांकित, आणि चिठ्ठ्यांच्या ब्लॉकचा (गट समान राहावेत म्हणून एकत्र मिसळलेल्या पाकिटांच्या संचाचा) आकार दोन गट असतील तर ४ आणि ६ असा बदलता, म्हणजे शेवटचे पाकीट कुणाला ओळखता येणार नाही.

कागदपत्रांत वेळ जातो, तेव्हा ती आत्ताच सुरू करा. सात वर्षांखालील मुलांसाठी पालकांची लेखी संमती. तुमच्या गटात सात पूर्ण झालेले मूल येणार असेल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्याची तोंडी असेंट (मुलाचा स्वतःचा होकार) घेऊन नोंद करा. मंजूर औषध नव्या मार्गाने वापरणारा शैक्षणिक अभ्यास नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांत एथिक्स कमिटीच्या मंजुरीवर चालतो, पण अर्जात मार्ग परवान्याबाहेरचा आहे हे ठळक लिहा. सीटीआरआयची (देशातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीतली) नोंदणी १ एप्रिल २०१८ पासून आधीच करावी लागते. पहिले मूल घेऊन झाल्यावर केलेला अर्ज स्वीकारत नाहीत. एथिक्स कमिटीचे पत्र हातात आले की त्याच आठवड्यात अर्ज भरा, त्यांच्या शंकांना उत्तरे देण्यात काही आठवडे सहज जातात. तेवढ्या काळात नियम न बदलता पाच-सहा मुलांवर नुसते फॉर्म भरून बघा, नेहमीचाच कॉडल, कुठलेही नवे औषध नाही. कुठला रकाना रात्री कोरा राहतो ते तेव्हाच कळेल.